मदत हवी आहे: क्रिकेट पलंगाचे स्टंप आडव्या पट्टीत कसे बसवावेत?

सहा वर्षांच्या मुलासाठी सागवानी पलंग करतोय. गादी ७२ × ३६ इंच. डोक्याकडच्या बाजूला खऱ्या मापाचे तीन स्टंप: उंची २८ इंच, जाडी दीड इंच, तिन्हींची मिळून रुंदी ९ इंच. माप वाढवायचं नाही, कारण आत्ता मधली फट सव्वादोन इंच आहे. दुप्पट केलं तर ती साडेचार होईल आणि मुलाचं डोकं अडकू शकेल. बेल्स सुट्या नाहीत, वरच्या पट्टीतच कोरल्यात.

अडचण खालच्या जोडाची. पट्टी २ इंच जाड, ३ इंच उंच. दीड इंचाचं भोक पाडलं तर दोन्ही बाजूंना पाव इंचच लाकूड उरतं, ते तडकणार. नमुन्याच्या तुकड्यावर खालून स्क्रू मारून पाहिला. स्टंपच्या लाकडाच्या उभ्या रेषांत तो धरत नाही, स्टंप गोल फिरतो. सोबत गोंद लावला तरी मूल टेकून बसलं की हलतोच.

आता स्टंपचं टोक खरादावर १ इंचापर्यंत बारीक करून पट्टीत २ इंच खोल उतरवायचा विचार आहे. लोखंडी पट्ट्या नकोत, घर कोकणात असल्याने गंजतात. वरची पट्टी मात्र सुटी व्हायला हवी.

अशा गोल टोकाला खालून पाचर मारावी की आडवी लाकडी खुंटी घालावी? पावसाळ्यात फुगून पट्टी फाटू नये म्हणून भोक किती सैल ठेवावं?