परग्रहावरच्या प्राण्याला दोनच डोळे का?

वारणाकाठ: ‘मोबाइलने मुलांची कल्पनाशक्ती मारली’ या कृष्णाकाठ यांच्या लेखाला उत्तर देणे भाग आहे. सांगलीतील एका चित्रकला स्पर्धेत परग्रहावरचा प्राणी काढताना बहुतेक मुलांनी दोन डोळे आणि चार पाय काढले, एवढ्यावरून त्यांनी हा निकाल दिला आहे. टॉमस वॉर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही असेच जीव कल्पून काढण्यास सांगितले होते. बहुतेकांच्या चित्रांत शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या, डोळे आणि पाय होते. जीवाला पिसे आहेत असे ज्यांना सांगितले, त्यांनी पंख आणि चोचही आपणहून जोडली. त्यांच्या हाती कोणता मोबाइल होता?

कृष्णाकाठ: अमेरिकेचे दाखले कशाला हवेत? याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे मराठी नाटक उभे केले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणता नमुना होता? प्रतिभावंताला नमुना लागत नाही.

मिरजेचा वाचक: नमुना होता, आणि तो कानडी होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत नाटकमंडळींचे खेळ पाहूनच सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना तसे खेळ मराठीत बसवण्यास सांगितले. दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, भावे पदकाचे कौतुक करावयाचे आणि कानड्यांचे हे ऋण मात्र सोयीने गाळावयाचे, याचा मला मनस्वी उबग आला आहे.

कृष्णाकाठ: म्हणजे भावे नक्कल करीत होते? हे वाक्य भावे नाट्यमंदिराच्या पायरीवर उभे राहून उच्चारून दाखवा.

मिरजेचा वाचक: पायरीवरच काय, आत रंगमंचावरही उच्चारीन; पण ‘नक्कल’ हा शब्द तुमचा आहे, माझा नव्हे. सूत्रधाराने पदे म्हणावयाची आणि पात्रांनी ऐनवेळी सुचतील ती भाषणे करावयाची, या बेतात भाव्यांनी स्वतःची पदे रचली. हाताशी असलेल्या घाटातून नवे घडवणे यालाच मी प्रतिभा म्हणतो.

निवृत्त कलाशिक्षक: खरा दोष चित्रकला परीक्षांच्या क्लासांचा आहे. स्मरणचित्रासाठी छत्रीवाला माणूस आणि घागर घेतलेली बाई मुलांकडून इतकी घोटवून घेतात, की विषय बसथांब्याचा असो वा बाजाराचा, तीच दोघे कागदावर हजर होतात. माझ्या वर्गातील एका मुलीने त्या बाईला घागरीसकट रुग्णालयात बसवले होते!

पलूसचा शेतकरी: जुनी समजूत केवळ घडवणाऱ्याच्याच डोक्यात असते काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावेनात. आमच्या पणजोबांनी शेजाऱ्याचे पीक डोळ्यांनी पाहिल्यावरच लाकडी नांगर सोडला, असे घरात सांगतात. मग मुलाने खरोखरच बिनडोळ्यांचा प्राणी काढला असता, तर परीक्षकांनी त्याला बक्षीस दिले असते का?

कृष्णाकाठ: ठीक आहे, भाव्यांना कानडी नमुना होता हे मान्य, सांगलीने त्यासाठी माझ्याकडून दंड घ्यावा. मात्र आमच्या नातवापुढे दिवसभर सरकणाऱ्या चित्रफितींखेरीज दुसरा नमुनाच नाही, एवढे तरी तुम्ही मान्य कराल, की त्यासाठीही अमेरिकेहून प्रयोग मागवावा लागेल?