मदत हवी आहे: मानसिक आरोग्यावर मराठीतून बोलणारा वक्ता पाहिजे, अर्जंट

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी. १० ऑक्टोबर जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्यासाठी वक्ता पाहिजे. मराठीतून बोलणारा, तासभर बोलला तरी चालेल पण पीपीटी नको, गेल्या खेपेला प्रोजेक्टरने घात केला. पत्रिका शनिवारी छापायला द्यायचीय आणि आज बुधवार. ओळखीत कोणी असेल तर लगेच सांगा, गूगल करा असले सल्ले नकोत.

डिचोलीची_सून:
कोणासाठी आहे कार्यक्रम? शाळा, कॉलेज, बचत गट?

अंत्रुजकर:
लोकांसाठी. गावातल्या.

मांडवीपार:
गाव सांगायला काय जातं मरे? फोंड्याकडचा आहेस हे नावावरून कळलं, पुढे? मानधन आहे की शाल-नारळ? गाडी पाठवणार का?

अंत्रुजकर:
वाचनालयाचा कार्यक्रम, देवळाच्या मंडपात, संध्याकाळी ५ वाजता. शाल-नारळच. गाडी बघू. गावाचं नाव मुद्दामच टाकलं नाही, कारण आहे.

पंचांगकाका:
यंदा १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या आहे, बघितलंत का? आणि ११ ला घटस्थापना, म्हणजे मंडपात आदल्या दिवशी मखराची धावपळ. तुम्हाला देवळाने होकार दिलाच कसा?

अंत्रुजकर:
च्यायला. बरं, तारीख मागेपुढे करू. वक्ता सांगा.

योगसाधक:
वक्ता कशाला, मीच सांगतो. पहाटे उठून अनुलोम-विलोम, रात्री ८ नंतर मोबाईल बंद, दुधात अश्वगंधा. माझ्या मेव्हण्याला झोप येत नव्हती, महिन्यात फरक पडला. डॉक्टरकडे गेलात की गोळ्या चालू आणि एकदा चालू झाल्या की जन्माची सवय.

मांडवीपार:
योगसाधक, झोपेचं इथे कोणी विचारलं का? आणि सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, त्या मनाने लांबवल्या तर. डिप्रेशनच्या गोळ्या वेगळ्या, त्यांचं तसं व्यसन लागत नाही. फक्त आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

योगसाधक:
फार्मा कंपन्यांचे वकील सगळीकडे भेटतात.

सावळी:
मी त्या गोळ्या घेतल्यात म्हणून लिहिते. मला कुठल्या व्याख्यानाने नाही नेलं डॉक्टरकडे, शेजारच्या वहिनीने कदंबाच्या बसमध्ये बसवून बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात नेलं. त्याआधी दोन देवळांत प्रसाद लावून, म्हणजे देवाला कौल विचारून झाला होता, दृष्ट काढून झाली होती. भीती कसली होती सांगू? तिथे गेलं की आत ठेवून घेतात. तसं काही झालं नाही, केसपेपर काढला, डॉक्टरनी झोप, भूक, घरचं काय चाललंय विचारलं, थायरॉईड आणि बी१२ बघायला रक्त घेतलं कारण त्यानेही माणूस असाच मरगळतो, आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. पहिले दोन आठवडे मला वाटलं पाणी पितेय, काहीच फरक नाही. या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतातच हे कोणीतरी आधी नीट बसून सांगायला हवं होतं, मी सोडूनच देणार होते. तुमच्या वक्त्याला हे सांगायला सांगा, 'मन करा रे प्रसन्न' नको.

पंचांगकाका:
प्रसाद लावण्यात वाईट काय? श्रद्धेने माणसाला धीर येतो. तुम्ही लोक लगेच देवावर घसरता.

सावळी:
काका, मी अजूनही प्रसाद लावते. पण देवाने डॉक्टरकडे जाऊ नको असं कधी सांगितलं नाही, ते माणसांनीच सांगितलं.

विमावाला_बार्देस:
एक माहिती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही विमा संरक्षण द्यायला हवं. पॉलिसी काढून वाचा सगळ्यांनी.

डिचोलीची_सून:
विम्याचं नंतर. अंत्रुजकर, गावाचं नाव न टाकायचं कारण काय ते सांगाल का? गेल्या खेपेला किती लोक आले होते?

अंत्रुजकर:
गेल्या खेपेला पुढच्या दोन रांगा, त्यात अर्धी आमची कमिटीच. यंदा हाच विषय घ्यायचं कारण म्हणजे उन्हाळ्यात गावातला एक मुलगा गेला. स्वतःहून. कॉलेजातला. कमिटीतल्या एकाचा भाचा. तेव्हापासून नाक्यावर लोक जे बोलतात ते ऐकवत नाही. त्यावर कोणीतरी मोठ्या माणसाने बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं.

डिचोलीची_सून:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं हो! आता सगळंच बदललं. मी शाळेत समुपदेशक आहे. त्याच मंडपात, त्याच्या मामासमोर, तासभर भाषण आणि त्याला उदाहरण करणारा वक्ता, हे कृपा करून नको. तो कसा गेला हे बोलायचं नाही, आणि मार्कांमुळे गेला, मुलीमुळे गेला असं एकच कारण लावायचं नाही, कारण बहुतेक वेळा एकच कारण नसतं आणि ऐकणारी पोरं स्वतःला त्याच जागी बघतात. आधी त्याच्या घरच्यांना विचारा त्यांना हा कार्यक्रम हवाय का.

मांडवीपार:
पण मग बोलायचंच नाही? विषय काढला तर पोरांच्या डोक्यात भरतं असं आमच्या वाड्यावर म्हणतात.

डिचोलीची_सून:
भरत नाही. "जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ विचारल्याने कोणी त्या वाटेला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. विचारून वर उपदेश केला तर मात्र तोंड बंद होतं. आणि कोणी तसा प्रयत्न करून वाचला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका, वर विम्याचं सांगितलं त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा नाही.

नाट्यवेडा_पेडणे:
त्यापेक्षा एकांकिका बसवा की. आपल्याकडे व्याख्यानाला कुत्रं फिरकत नाही पण नाटकाला पार कौलावर बसतात. आमच्या जत्रेत गेल्या वर्षी पाऊस आला तरी एक माणूस हलला नाही. लाईटवाला चांगला पाहिजे पण, हल्ली दर काय लावतात!

मांडवीपार:
लाईटवाल्यांचा वेगळा धागा काढ बाबा.

सावळी:
अंत्रुजकर, मंडपात बोलावलं तर ज्याला गरज आहे तोच येणार नाही, सगळा गाव बघतो ना. आपल्या गोव्यातच पर्वरीच्या संगाथ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, शिकवून तयार केलेल्या माणसांकडून समुपदेशन करून दाखवलंय, त्याचे निष्कर्ष २०१० ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. ताप-खोकल्याच्याच रांगेत बसायचं, कोण कशाला आलं कोणाला कळत नाही. तुमच्या आरोग्य केंद्रात विचारा काय सोय आहे.

अंत्रुजकर:
मामांशी बोललो आत्ता. ते म्हणाले व्याख्यान नको, पण पोरांशी कोणीतरी बोला. पत्रिका रद्द. मंडपाऐवजी वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दहावीच्या पुढची मुलं, मोठं कोणी नाही, फ्लेक्स नाही. डिचोलीच्या ताई, तुम्ही याल का? गाडी पाठवतो.

डिचोलीची_सून:
येते. पण एकदाच येऊन चालणार नाही, पुन्हा यावं लागेल ते आत्ताच ठरवा. तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर चिकटवा, फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि त्या मुलाचे जवळचे मित्र कोण ते मला मेसेज करा, त्यांच्याशी आधी वेगळं बोलायला हवं.

योगसाधक:
दहा मिनिटं प्राणायामाला ठेवा.

डिचोलीची_सून:
पाच.