किटपेक्षा बाकीचा खर्च जास्त

परदेशी किट (सुटे भाग जोडून मॉडेल बनवायचा संच) महाग, म्हणून स्केल मॉडेलिंग, म्हणजे विमानं-गाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती बनवण्याचा छंद, परवडत नाही, हे मत मला अर्धंच पटतं. खिसा खरा रिकामा होतो तो रंग, प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) आणि मुख्य म्हणजे एअरब्रश-कंप्रेसरवर, म्हणजे रंग फवारणारं पेन आणि त्याला हवा पुरवणारं यंत्र यांवर. नवीन माणसाने एअरब्रश-कंप्रेसर आधी घेऊच नयेत. १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) घ्या. पंखांचा पसारा जेमतेम १५.६ सेंटिमीटर, चपट्या ब्रशने अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर दिले तरी सुरेख दिसतं. तेच विमान १/४८ मध्ये घेतलंत तर रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट होतो! जुनी किटं स्वस्तात मिळतात, जरूर घ्या. त्यातली डिकल (मॉडेलवर लावायची चिन्हं-आकड्यांची चित्रं) पिवळी पडली असतील तर त्यांचा कागद काही दिवस खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवा, बराचसा पिवळेपणा जातो.