अनुभव धागा: अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरदुरुस्तीसाठी सरकारी अनुदान

गरजूंची घरं मोफत दुरुस्त करणाऱ्या संस्थांत काम करणाऱ्यांनी लिहावं. अर्ज कुठे अडतो, काम कुठे अडतं, तेवढं नेमकं सांगा.

अर्जाचं काम
पैसे दोन वाटांनी येतात, त्यांची गल्लत करू नका. कृषी खात्याच्या (यूएसडीए) सेक्शन ५०४ चं अनुदान घरमालकाला मिळतं. वय ६२ किंवा जास्त, उत्पन्न अत्यल्प, कर्ज फेडायची ऐपत नाही आणि राहतं घर स्वतःचं, अशांना ते मिळतं. मर्यादा आयुष्यभरात १०,००० डॉलर, तेही आरोग्याला किंवा जिवाला धोका दूर करण्यापुरतेच. तीन वर्षांच्या आत घर विकलं तर रक्कम परत करावी लागते. सही घेण्याआधी हे आजीआजोबांना नीट समजावून सांगा, ही आपली जबाबदारीच आहे.

सेक्शन ५३३ चं अनुदान मात्र संस्थेला मिळतं आणि संस्था ते घरांवर खर्च करते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत बसवावा लागतो. सॅम डॉट गव्हवरची (सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचं संकेतस्थळ) नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. तिथलं नाव आयआरएसच्या (केंद्रीय कर खातं) नोंदीशी जुळलं नाही की सगळं लटकतं.

घरांची पाहणी
छप्पर आधी, इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) नंतर. ऊर्जा खात्याच्या वेदरायझेशन (घरातली ऊर्जा वाचवणारी दुरुस्ती) योजनेची माणसं गळकं छप्पर किंवा जुनी नॉब-अँड-ट्यूब (चिनी मातीच्या खुंट्यांवरून मोकळी नेलेली) वायरिंग दिसली की काम पुढे ढकलतात, आणि ते योग्यच आहे. अशा मोकळ्या तारांभोवती सेल्युलोज (कागदापासून केलेलं इन्सुलेशन) भरलं की त्यांची उष्णता कोंडते. म्हणून ५०४ मधून छप्पर आणि वायरिंग करून घ्या, मग त्यांना बोलवा.

अंदाजपत्रक फसतं ते डेकिंगवर, म्हणजे छपराच्या आवरणाखालच्या फळ्यांवर. १,५०० चौरस फूट छप्पर म्हणजे १५ स्क्वेअर (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट). नेहमीच्या शिंगल्सचे (छपरावरच्या पातळ पट्ट्या) स्क्वेअरला ३ बंडल धरले तर ४५, वर १० टक्के कापाकापीचे. इथवर सोपं आहे. पण खालची फळी किती कुजली आहे ते जुन्या शिंगल्स उचकटल्यावरच कळतं. माळ्यावर टॉर्च घेऊन चढा, खिळ्यांभोवतीचा गंज आणि काळे डाग बघा. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ४ बाय ८ फुटी प्लायवुडचा दर शीटमागे वेगळा लिहून घ्या.

कागदपत्रं
सर्वांत जास्त अर्ज मालकीवर अडतात. घर वारलेल्या आजोबांच्याच नावावर, वारस चार राज्यांत पांगलेले. मोफत कायदा सल्ला केंद्राकडे पहिल्याच दिवशी पाठवा, कारण वारसनोंदीला महिने लागतात.

पर्यावरण तपासणी पूर्ण व्हायच्या आत कामाला हात लावू नका, तो खर्च नामंजूर होऊ शकतो. घर ५० वर्षांहून जुनं असेल तर राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाच्या उत्तरासाठी ३० दिवस धरा. १९७८ पूर्वीचं असेल तर रंगात शिसं आहे असं समजूनच पैसे मागा.

हिशोब
स्वयंसेवकांचे तास स्वहिस्सा म्हणून दाखवायचे तर हजेरीवर नाव, तारीख, तास आणि कामाचा प्रकार हवा, आणि सही त्याच दिवशी. महिनाअखेरीस एका पेनाने भरलेली हजेरी ऑडिटर लगेच ओळखतो.