मदत हवी आहे: 'रान बटईनं दिलंय' हे इंग्रजीत कसं लिहायचं?

परभणीकडच्या दहावीच्या मुलांसाठी शेतीव्यवहारातल्या वाक्यांचा इंग्रजी सराव तयार करतोय. बाकीचे शब्द बसलेत. उसनं घेणं 'बॉरो फ्रॉम', उसनं देणं 'लेंड टू'. क्रियापद आणि त्यानंतरचा शब्द जोडीनंच पाठ करून घेतला की मुलं गोंधळत नाहीत. खोली किंवा दुकान भाड्यानं घेतलं तर 'रेंट', दिलं तर 'रेंट आउट' किंवा ब्रिटिश वळणाचं 'लेट'. ट्रॅक्टर तासावर लावला तर 'हायर'. अमेरिकेत यंत्रालाही 'रेंट'च म्हणतात. ठोक्याच्या जमिनीला 'लीज आउट' चपखल बसतं, कारण मुदत आणि रक्कम आधीच ठरते.

अडतंय फक्त बटईला. तिथं रक्कम नसते, पिकाचा वाटा असतो. खत-बियाणं निम्मं-निम्मं, माल निघाला की वाटणी. शब्दकोशातला 'शेअरक्रॉपर' अर्थानं जवळचा आहे, पण अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर कर्जात रुतलेल्या गरीब कुळांची छटा त्याला चिकटलेली आहे. इथला बटईदार अनेकदा स्वतःचंही रान असलेला शेजारी असतो. 'लीज्ड आउट ऑन अ क्रॉप-शेअर बेसिस' अचूक वाटतं, पण दहावीच्या मुलाच्या तोंडी फार जड.

वाक्य असं: 'आम्ही यंदा तीन एकर रान बटईनं दिलंय.' वळण ब्रिटिश हवं, तळटीप न देता एकाच वाक्यात अर्थ कळायला हवा. 'ऑन शेअर्स' लिहिलं तर वाचणाऱ्याला पिकाचा वाटाच कळेल, की शेअर बाजार आठवेल?