तासाचं शूटिंग म्हणजे ऑनलाइन कोर्स नव्हे

गोदाकाठची

नाशिकमध्ये गेली ११ वर्षं बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. यंदा आमच्याकडे प्रत्येकानं आपल्या विषयाचा ऑनलाइन कोर्स करायचा असं ठरलंय. म्हणजे मागच्या बाकाजवळ कॅमेरा लावायचा, ५० मिनिटांचा तास जसाच्या तसा टिपायचा, नोट्स स्कॅन करून पीडीएफ चढवायची, की झाला कोर्स. माझा याला ठाम विरोध आहे. या चर्चामंचावर शिकवणारे आणि शिकणारे दोघेही आहेत, म्हणून लिहितेय.

खरं तर हे काम नाशिककरांना नवं वाटायला नको. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या गावात आहे. त्यांची पुस्तकं आठवा. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मजकुरात मध्येच थांबवणारे स्वयंअध्ययन प्रश्न, शेवटी उत्तरं. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच ती लिहिलेली असतात. हातात कॅमेरा आल्यावर ही शिस्त आपण सोडून का दिली?

माझ्या वर्गातली तीन मुलं डोळ्यांसमोर ठेवून मी कोर्स आखतेय. एक अंबड एमआयडीसीत पाळीनं कामाला जातो. एक सुरगाण्याची, घरात रेंज नाही. तिसऱ्याला दिसत नाही, तो लॅपटॉपवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून वाचतो. या तिघांना जमलं तर बाकीच्यांना जमेलच.

एक उदाहरण देते. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. वर्गात मी फळ्यावर रेघ ओढून म्हणते, "बघा, ही अशी इकडून इकडे उतरते." हेच रेकॉर्ड केलं तर न दिसणाऱ्याच्या पदरात काय पडलं? म्हणून ऑनलाइनसाठी वाक्यच बदललं: "कांदा २० रुपये किलो असताना एक घर महिन्याला ५ किलो घेतं. भाव ४० झाला, घर ४ किलो घेतं. भाव दुप्पट, मागणी फक्त किलोभर कमी." इथे थांबून विचारायचं की कांद्याची मागणी लवचिक की ताठर, आणि हॉटेलवाल्याचं उत्तर घरापेक्षा वेगळं येईल का. मग लासलगावच्या लिलावाचे आठवडाभराचे भाव मुलांनीच टिपायचे आणि चर्चेत मांडायचे. एवढं सगळं ८ मिनिटांच्या ध्वनिफितीत आणि दोन पानांत बसतं.

जुना_खडू

मॅडम, तळमळ पोचली, पण मी सहमत नाही. ३४ वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो. एखादा युक्तिवाद उभा राहायला ४०-५० मिनिटं लागतात. पेशवाईच्या अखेरीची कारणं ८ मिनिटांच्या तुकड्यांत सांगितली, तर विद्यार्थ्याला कारणांची यादी पाठ होईल, त्यांचा एकमेकांशी असलेला पीळ कळणार नाही. सलग ऐकण्याची सवय लावणं हेसुद्धा उच्च शिक्षणाचं काम आहे. मुलांचं लक्ष टिकत नाही म्हणून आपण घास बारीक करत गेलो, तर ती चावायला कधी शिकणार?

गोदाकाठची

सर, पीळ सुटू नये हे मलाही मान्य. पण ऑनलाइन माणूस सलग ऐकतो का, ते पाहायला हवं. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरची व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक वेळ (सगळे वेळ चढत्या क्रमानं लावले तर मधोमध येणारा) ६ मिनिटांच्या पुढे गेला नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की वर्गातलं व्याख्यान नंतर कापून तुकडे केले, तरी ते मुळातच लहान आखलेल्या व्हिडिओइतकं धरून ठेवत नाही. म्हणून नुसती कात्री चालवून भागत नाही, आखणीच वेगळी लागते.

जुना_खडू

त्या अभ्यासानं किती वेळ पाहिलं हे मोजलं. किती समजलं हे नव्हे. मी वर्गात खिडकीबाहेर बघणारी मुलं उत्तम पेपर लिहिताना पाहिली आहेत.

गोदाकाठची

हा मुद्दा बरोबर आहे, सर. पाहणं म्हणजे शिकणं नव्हे. म्हणूनच माझा भर व्हिडिओपेक्षा मधल्या प्रश्नांवर आहे. पुस्तक मिटून आठवायला लावलं की जास्त टिकतं, हे आपण दोघांनीही वर्गात अनुभवलेलं आहे.

तासिकेवरचा

इथे एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजांत. पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात. १० मिनिटांची ध्वनिफीत ऐकून तिचा मराठी उतारा नीट लिहून काढायला मला तास-दीड तास लागतो. आकृत्यांची वर्णनं, प्रश्न, चर्चेतल्या ६० मुलांना उत्तरं, हे सगळं कोणत्या तासात मोजायचं? मॅडमची कल्पना चांगलीच आहे. पण मागच्या वर्षी असाच उत्साहानं एक कोर्स केला. दुसऱ्या सत्रात तो तास माझ्याकडे राहिला नाही, माझे व्हिडिओ मात्र तिथे चालू राहिले. त्याचा मोबदला नाही, साधा नामोल्लेखही नाही. आधी कामाचा हिशेब ठरवा, मग दर्जाचं बोलू.

गोदाकाठची

सर, यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. मी कायम नोकरीत आहे, मला हे करणं परवडतं. आमच्या बैठकीत एवढं नक्की मांडेन की कोर्स तयार करण्याचे तास कार्यभारात धरले जावेत आणि साहित्यावर करणाऱ्याचं नाव राहावं.

पेठरोड

तासिकेवरच्या सरांना पाठिंबा. आणखी एक विचारतो. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम् पोर्टल २०१७ पासून आहे. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा, स्वयंचाचणी अशी चारही अंगं तिथे असतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) तिथून घेता येतात. मग प्रत्येक कॉलेजानं आपली वेगळी चूल का मांडायची? देशातल्या उत्तम प्राध्यापकाचा कोर्स लावावा आणि आपण शंकासमाधान करावं.

घाटावरची_मुलगी

पेठरोड दादा, मी सुरगाणा तालुक्यातली, तृतीय वर्ष. मी स्वयम् वर एक कोर्स घेतला होता. इंग्रजी समजायला वेळ लागला तरी मागे-पुढे करून ऐकलं असतं. पण व्हिडिओ उघडायचाच तर टेकडीवर जावं लागायचं. पावसात ते होत नाही. घरी आमची कोकणा आदिवासींची कोकणी बोलतो, मराठी शाळेत शिकले, इंग्रजी ही माझी तिसरी भाषा. गोदाकाठच्या मॅडम म्हणतात तशी छोटी ऑडिओ व्हॉट्सॲपवर आली, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला उतरवून घेते आणि आठवडाभर ऐकते. भात लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहूनही ऐकलंय. चाचणीची मुदत मात्र एका दिवसाची ठेवू नका. निदान आठवडा द्या.

गोदाकाठची

बाळ, हे मी कोर्सच्या आराखड्यात शब्दशः लिहून घेतलं. ध्वनिफीत ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) ठेवली तर १० मिनिटांची फाईल अडीच एमबीच्या आत राहते. आवाज स्पष्ट येतो. तपासून पाहिलंय.

बोटांनी_वाचणारा

मॅडमच्या वर्गातला तिसरा मी नाही, पण मलाही दिसत नाही. एम.ए. मराठी करतोय, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो. खडू सरांना एक सांगायचंय. तासाभराचं व्याख्यान मला त्रास देत नाही. मी कित्येक तास ऐकतो, दीडपट वेगानं. मला अडवतात त्या फाईली. स्कॅन केलेली पीडीएफ माझ्या यंत्राला नुसतं चित्र दिसते, ते गप्प बसतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल तर त्याहून वाईट. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. केशवसुतांची कविता मला अर्थहीन अक्षरांच्या रांगेसारखी ऐकू आली आहे. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ सांगतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा रूपात हवा. कॉलेजात हे सांगितलं तर "तुझ्यासाठी वेगळी सोय करू" म्हणतात. वेगळी सोय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येते. मला सगळ्यांबरोबर, त्याच दिवशी, तीच फाईल हवी आहे.

जुना_खडू

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या साऱ्या नोट्स श्रीलिपीत आहेत, सुमारे ६०० पानं. अजूनही मुलं त्यांच्या झेरॉक्स काढतात. व्याख्यानाचे तुकडे करायला माझा विरोध कायम आहे, त्यावर आपण पुन्हा बोलूच. पण या फाईली बदलायच्या कशा? पुन्हा टाइप करणं या वयात होणार नाही.

बोटांनी_वाचणारा

सर, पुन्हा टाइप करायची गरज नाही. फॉन्ट बदलून देणारी परिवर्तकं आहेत, त्यातून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला मराठी म्हणून ओळखता येईल अशा अक्षरांत, येतो. पण रफार, ऱ्ह आणि काही जोडाक्षरं तिथे बिघडतात. मूळ छापील पान बघून कुणीतरी ती दुरुस्त करावी लागतात. तेवढं काम मला करता येत नाही. शीर्षकं नुसती ठळक करू नका, वर्डमधली हेडिंगची शैली लावा, म्हणजे मला एका प्रकरणावरून थेट दुसऱ्यावर उडी मारता येते.

घाटावरची_मुलगी

खडू सर, पानं तपासायला मी तयार आहे. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला मावशीकडे असते. ६०० पैकी १०० पानं तरी होतील.

तासिकेवरचा

मीही १०० घेतो. आणि हो, तपासणाऱ्यांची नावं पहिल्या पानावर टाका.