आठवणींच्या पुस्तकासाठी कोणता मराठी फॉन्ट घ्यावा?

अबोली

नमस्कार. माझ्या आईने सत्तरी ओलांडल्यावर लिहायला घेतलेल्या आठवणी आता पूर्ण झाल्या आहेत. डेमी आकारात सुमारे 180 पानांचे पुस्तक करून त्याच्या 300 प्रती नातेवाईक आणि परिचितांसाठी छापून घ्यायच्या आहेत. वाचणारी बहुतेक मंडळी साठीच्या पुढची आहेत. अक्षरजुळणी मी स्वतःच लिबर ऑफिसमध्ये करते आहे. मंगल फॉन्टमधले पान छापून पाहिले, तेव्हा ते पुस्तकाचे न वाटता कार्यालयीन परिपत्रकाचे वाटले. त्यानंतर मुक्ता, पॉपिन्स आणि टिरो देवनागरी मराठी हे तीन फॉन्ट उतरवून घेतले. भावाचा कौल पॉपिन्सला आहे. मुख्य मजकुरासाठी यांपैकी कोणता घ्यावा आणि का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना जुळारी

पॉपिन्स मजकुरासाठी घेऊ नये. त्याची वळणे कंपासने काढल्यासारखी आहेत आणि रेघेची जाडी जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे. दुकानाच्या पाटीवर तो देखणा दिसतो, परंतु सलग दहा पाने वाचताना ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक डोळ्यांना शोधावा लागतो. मंगलला मात्र मी नावे ठेवणार नाही, र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या त्या काळच्या पडद्यासाठी घडवला आणि ते काम त्याने चोख केले. कागदावर तो परका वाटतो, हा त्याचा दोष नव्हे.

मी टिरोच्या बाजूचा आहे. त्याचे वळण निर्णयसागरी आहे. जावजी दादाजींनी मुंबईत 1864 साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरूंनी त्यांच्यासाठी कोरलेल्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवर, मराठी आणि संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे तयार झाले. बोरूने लिहिताना रेघ जिथे जाड आणि जिथे बारीक होते, तिथेच ती या अक्षरांत होते. आपल्या आईंच्या वयाच्या वाचकांना हे वळण ओळखीचे वाटेल.

टिरोच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, हा आणखी एक फायदा. मराठी आवृत्तीत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, असे येतात. इतर बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदलेली राहिली तर काना असलेला हिंदी ‘ल’ उमटतो आणि फॉन्टला उगीच बोल लागतो. म्हणून फॉन्ट कोणताही घेतलात, तरी सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करावी.

ओळींतल्या अंतरात काटकसर करू नये. रोमन लिपीत 12 पॉइंटाच्या अक्षराला 14 किंवा 15 पॉइंटांची ओळ पुरते; देवनागरीत तेवढ्याच अंतरावर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतल्या ‘सर्वांत’मधला रफार व अनुस्वार एकमेकांना भिडतात. मी 12 ला निदान 18 ठेवतो.

चष्मेवाला

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. माझे वय 68 असून एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. निर्णयसागरी वळण मलाही आवडते, परंतु 300 प्रतींचे काम बहुधा डिजिटल यंत्रावर जाईल. तिथे शाई फिकी पडली की ‘थ’, ‘छ’ आणि ‘ळ’ यांच्या बारीक रेघा तुटतात आणि वाचताना अडखळायला होते. ‘एक टाइप’ या संस्थेच्या मुक्तामध्ये रेघ एकसारखी भरीव आहे आणि पातळापासून ठसठशीतापर्यंत सात वजने, म्हणजे जाडीचे प्रकार, मिळतात. सुंदर अक्षरापेक्षा दिसणारे अक्षर मला अधिक प्रिय आहे.

जुना जुळारी

चष्मेवाले, आपला मुद्दा रास्त आहे. एकच प्रकरण दोन्ही फॉन्टांत, ज्या यंत्रावर पुस्तक छापायचे आहे त्याच यंत्रावर आणि त्याच कागदावर छापून पाहावे. झगझगीत पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर कागद घेतल्यास डोळ्यांना बरे वाटेल.

वेलांटी

फॉन्ट ठरल्यावर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ अवश्य तपासावेत. मी मुद्रितशोधन करते. एका छापखान्याने युनिकोडपूर्व काळातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि पुस्तकभर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले. प्रत्येक चूक हा खरा मराठी शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीला त्यांतले काहीच सापडले नाही. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हा घोळ तर जेवणावळीच्या वर्णनात होता, त्यामुळे स्वयंपाक चक्क गुरुजनांनी केला. तपासणीसाठी एक ओळ करून ठेवावी: ‘सुऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, ॲप, हृदय, ह्रस्व, उद्ध्वस्त, वाङ्मय’. जो फॉन्ट या ओळीत कुठे हलन्त दाखवून अक्षर तोडतो किंवा चौकोन उमटवतो, तो बाजूला ठेवावा.

अबोली

सर्वांचे आभार. पहिले प्रकरण मुक्ता आणि टिरो अशा दोन्ही फॉन्टांत छापून आईला दिले, कोणता फॉन्ट कोणता हे न सांगता. टिरोचे 12 पॉइंटांचे पान तिने हातात घेऊन खिडकीपाशी नेले, तेव्हाच चष्मेवाल्यांचे म्हणणे पटले. मग तेच पान 13 पॉइंट अक्षर आणि 20 पॉइंट ओळ असे करून दिले, आणि ते तिने जागेवरून न उठता वाचून काढले. मुक्तातलेही तिला नीट वाचता आले, पण ते मोबाइलवरच्या बातमीसारखे वाटते, असे ती म्हणाली.

टिरो ठरला आहे. पाने वाढून 203 झाली आणि सोळा पानी फर्म्याच्या (एकत्र छापून दुमडायच्या सोळा पानांच्या) हिशोबाने 208 करावी लागतील. उरलेल्या पानांत छायाचित्रे घालते आहे. वेलांटीताईंची ओळ छापून पाहिली, ती सगळी नीट आली. पॉपिन्स मुखपृष्ठावर वापरला आहे, त्यामुळे भावाचीही तक्रार नाही.